लेखिकांचे पारितोषिक आणि आपल्या मुलींच्या वह्या

(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



पारितोषिक वितरणाच्या दिवशी एखाद्या पारितोषिकाविषयीच बोलावे, असे मी ठरविले आहे. मात्र हे पारितोषिक आपल्या शाळेचे नाही, आपल्या देशाचेही नाही. ते विलायतेत दिले जाते, आणि केवळ स्त्रियांनी लिहिलेल्या कादंबरीला दिले जाते. ‘विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन’ हे त्याचे आजचे नाव. आपल्या मोहल्ल्यातल्या पालकांचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. तो संबंध दाखवावा, एवढाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम या पारितोषिकाचा जन्म कसा झाला ते पाहू. इंग्लंडमध्ये कादंबरीसाठी ‘बुकर’ हे मोठे पारितोषिक आहे. वर्षातील उत्तम कादंबऱ्यांतून सहा निवडतात आणि त्यांतून एक विजेती ठरते. १९९१ साली या सहांच्या यादीत सहाही पुरुष होते. त्यांत आपल्या मुंबईत वाढलेले रोहिंटन मिस्त्री होते आणि त्यांची कादंबरी मुंबईच्या पारशी कुटुंबावरच होती. विजेते ठरले नायजेरियाचे बेन ओक्री. पुस्तके चांगली होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्षभरात इतक्या लेखिकांच्या कादंबऱ्या आल्या असताना यादीत एकही बाई नाही, हे परीक्षकांच्या ध्यानातही आले नसावे, असा प्रश्न काही मंडळींना पडला.

त्यावर ही मंडळी नुसती कुरकुर करीत बसली नाहीत. प्रकाशक, ग्रंथपाल, पुस्तकविक्रेते, पत्रकार असे स्त्री-पुरुष १९९२ साली एकत्र बसले. लेखिका केट मॉस यांनी पुढाकार घेतला. चार वर्षे खटपट चालली आणि १९९६ साली पहिले पारितोषिक हेलन डनमोर यांना मिळाले. रक्कम तीस हजार पौंड. ही रक्कम कायम मिळत राहावी अशी तजवीज एका दात्याने केली आणि आपले नाव गुप्त ठेवले. उजव्या हाताने दिलेले डाव्या हातास कळू नये, ही आपली शिकवण आपणांस ठाऊकच आहे. रकमेसोबत काशाची एक छोटी मूर्ती देतात. तिला सगळे लाडाने ‘बेसी’ म्हणतात. प्रारंभी पारितोषिकास ‘ऑरेंज’ या टेलिफोन कंपनीचे नाव होते, पुढे दुसऱ्या कंपनीचे आले आणि २०१८ पासून ते केवळ लेखिकांच्या नावाने ओळखले जाते.

नियम साधे आहेत. कादंबरी मूळ इंग्रजीत लिहिलेली असावी, ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेली असावी आणि लेखिका स्त्री असावी. ती कोणत्या देशाची, कोणत्या धर्माची, हे पाहत नाहीत. परीक्षकही सर्व स्त्रियाच असतात. विषयाचे बंधन नाही. १९९८ सालच्या विजेत्या कॅरोल शील्ड्स यांची कादंबरी एका साध्या पुरुषाच्या आयुष्यावर आहे, तर २०१२ सालची मॅडलिन मिलर यांची कादंबरी ग्रीक योद्ध्यांवर. बाईने लिहिले म्हणजे चूल आणि मूल यांवरच लिहिले, हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

आता आक्षेपाकडे वळू. बायकांसाठी वेगळे पारितोषिक कशाला? साहित्य ते साहित्य. हा आक्षेप पुरुषांनीच घेतला असे नाही. ए. एस. बायट या थोर लेखिकेला १९९० साली बुकर मिळाले होते. त्यांनी या वेगळ्या पारितोषिकाला जाहीर विरोध केला आणि आपली पुस्तके तेथे पाठवू दिली नाहीत. त्यांचे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. वेगळी पंगत मांडली की मुख्य पंगतीत बसण्याचा हक्क सोडून दिल्यासारखे होते, ही भीती खरी आहे.

परंतु आपल्या समाजाला या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. मुलींसाठी वेगळी शाळा काढली तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला होता. वेगळी शाळा काढली म्हणून मुलींचे गणित वेगळे झाले नाही, की बोर्डाची प्रश्नपत्रिका सोपी झाली नाही. एवढेच झाले, की ज्या घरांतून मुलगी बाहेर पडत नव्हती, त्या घरांतून ती पडू लागली. या पारितोषिकाचेही तसेच आहे. त्यात गुण वाढवून मिळत नाहीत. बार्बरा किंग्सॉल्व्हर यांच्या ज्या कादंबरीस २०२३ साली हे पारितोषिक मिळाले, तिलाच त्या वर्षीचे अमेरिकेचे पुलित्झरही मिळाले. वेगळा दरवाजा असला तरी आतला दिवाणखाना एकच असतो.

तरीही पारितोषिकाची रक्कम मला फार महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचे आहे ते नाव. एका बाईचे स्वतःचे नाव पुस्तकावर छापले जाते आणि हजारो लोकांसमोर मोठ्याने उच्चारले जाते. ही गोष्ट किती अवघड होती, याचा इतिहास पाहा.

इंग्लंडमध्ये ब्रॉन्टी भगिनींनी १८४७ साली कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या, त्या करर, एलिस आणि ॲक्टन बेल या नावांनी. वाचकाला पुरुष वाटावा म्हणून. मेरी ॲन इव्हान्स आयुष्यभर ‘जॉर्ज एलियट’ राहिल्या. या पारितोषिकाला पंचवीस वर्षे होत आली तेव्हा, २०२० साली, पुरुषी नावांनी प्रसिद्ध झालेली लेखिकांची पंचवीस पुस्तके त्यांच्या खऱ्या नावांनी पुन्हा काढण्यात आली, त्यांत जॉर्ज एलियट यांची ‘मिडलमार्च’ होती.

आपल्याकडे तर पुरुषी नावाचीही सोय नव्हती, नावच नव्हते. पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी १८८१ साली ‘इस्लाहुन्निसा’ ही उर्दू कादंबरी लिहून पूर्ण केली. उर्दूत कादंबरी लिहिणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. हस्तलिखित घरात पडून राहिले. मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला, तेव्हा म्हणजे १८९४ साली ते छापले गेले. पण लेखिकेचे नाव घातले नाही. अमक्याची आई, एवढीच ओळख. पुस्तक सुधारणेचे, विषय स्त्रियांच्या शिक्षणाचा, आणि लिहिणारीचे नाव मात्र पडद्यात!

मराठीत काही फार वेगळे नव्हते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. ही विभावरी कोण, याचा शोध लोक वर्षानुवर्षे घेत होते. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातले दुःख लिहायचे तर शिक्षणक्षेत्रातल्या बाईला आपले नाव लपवावे लागले. आजही हिशेब काय सांगतो? अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची २०२५ च्या दिल्ली संमेलनापर्यंत ९८ अधिवेशने झाली, आणि महिला अध्यक्ष झाल्या सहा. कुसुमावती देशपांडे, दुर्गाबाई भागवत, शांताबाई शेळके, विजयाताई राजाध्यक्ष, अरुणाताई ढेरे आणि ताराबाई भवाळकर. मराठीला चार ज्ञानपीठे मिळाली, त्यांत लेखिका एकही नाही. तेव्हा दुसऱ्याच्या घरातील यादी मोजताना आपलीही मोजलेली बरी.

पालक हो, आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. लेखिका आकाशातून पडत नाही. तिच्यामागे एक साखळी असते, आणि त्या साखळीची पहिली कडी बहुधा शाळा असते.

१९०६ साली अलीगढ येथे शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुलींसाठी शाळा काढली. विरोध झाला, टीका झाली, तरी शाळा चालली. त्यांची मुलगी रशीद जहाँ. ती डॉक्टर झाली आणि कथालेखिकाही झाली. १९३२ साली ‘अंगारे’ या संग्रहात तिचे लेखन आले आणि पुढच्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली. अलीगढच्या मुलींच्या शाळेत शिकलेली आणखी एक मुलगी म्हणजे इस्मत चुगताई. रशीद जहाँ यांचा आपल्यावर मोठा प्रभाव होता, हे इस्मत आपांनी स्वतः सांगितले आहे. इस्मत आपा पुढे मुंबईत आल्या, शाळांच्या निरीक्षक म्हणून काम केले, मुंबईतच राहिल्या आणि १९९१ साली मुंबईतच वारल्या. १९७६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका दांपत्याने काढलेल्या शाळेतून केवढी वाट निघाली, पाहा. आपली संस्थाही शाळाच चालविते, हे आपण विसरू नये.

दुसरी कडी घर. २०१८ साली लेखिकांचे हे पारितोषिक कमिला शम्सी यांच्या ‘होम फायर’ या कादंबरीस मिळाले. कमिला कराचीत जन्मल्या. कादंबरी आहे ब्रिटनमधील एका मुसलमान कुटुंबावर. दोन बहिणी आणि एक भाऊ. भाऊ वाट चुकतो, आणि आपल्या माणसावर माया करावी की राज्याच्या कायद्याला मान द्यावा, या पेचात बहिणी सापडतात. प्राचीन ग्रीक नाटकातील अँटिगनीची गोष्ट त्यांनी आजच्या मुसलमान घरात आणली आहे. आपल्या पोरांच्या बाबतीत आपण ज्या गोष्टी दबक्या आवाजात बोलतो, त्या येथे उघड आणि समंजसपणे मांडल्या आहेत.

या कमिलांच्या आई मुनीजा शम्सी साहित्याच्या समीक्षक. आजीने आपल्या आठवणी लिहिल्या. आणि आजीच्या पिढीतील नात्यातल्या अतिया हुसेन लखनौच्या. तालुकदार घराण्यात पडद्याच्या वातावरणात वाढल्या, पदवीधर झाल्या, आणि १९६१ साली त्यांची लखनौवरील कादंबरी इंग्रजीत प्रसिद्ध झाली. कुर्रतुलऐन हैदर यांची गोष्ट अशीच. त्यांना १९८९ सालचे ज्ञानपीठ मिळाले. त्यांची आई नजर सज्जाद हैदर स्वतः कादंबरीकार होत्या. लग्नापूर्वी त्या ‘बिन्त-ए-नजरुल बाकर’, म्हणजे नजरुल बाकर यांची मुलगी, या नावाने लिहीत. आई वडिलांच्या नावाआड राहून लिहिते, आणि मुलगी स्वतःच्या नावाने ज्ञानपीठ घेते. एका पिढीने अर्धा दरवाजा उघडला, म्हणून दुसरी पूर्ण बाहेर आली.

आपण म्हणाल, ही सारी नवाब-तालुकदारांची, इंग्रजी-उर्दूच्या मोठ्या घरांची उदाहरणे झाली. म्हणून एक जवळचे उदाहरण देतो. कर्नाटकात हासन नावाचे गाव आहे. तेथे बानू मुश्ताक वकिली करतात आणि कन्नडमध्ये कथा लिहितात. २०२५ साली त्यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या कथासंग्रहास आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. कन्नड पुस्तकास ते प्रथमच मिळाले आणि कथासंग्रहासही प्रथमच. पन्नास हजार पौंडांची रक्कम त्या आणि अनुवादिका दीपा भास्ती यांच्यात निम्मी-निम्मी. हे पारितोषिक केवळ स्त्रियांसाठी नाही. पण गंमत अशी, की कमिला शम्सी यांनी २०१५ साली प्रकाशकांना आवाहन केले होते, की २०१८ या वर्षात फक्त लेखिकांची नवी पुस्तके काढून पाहा. ते आवाहन ‘अँड अदर स्टोरीज’ या एका छोट्या प्रकाशन संस्थेने स्वीकारले. बानूंचे ‘हार्ट लॅम्प’ ब्रिटनमध्ये काढले ते याच संस्थेने. दार उघडे ठेवणाऱ्याच्या घरी पाहुणे येतात, ते असे.

बानूंच्या घरची भाषा उर्दू. आठव्या वर्षी वडिलांनी त्यांना शिवमोग्याच्या कन्नड शाळेत घातले. सहा महिन्यांत कन्नड लिहिता-वाचता आले पाहिजे, अशी शाळेची अट होती. त्यांना ते काही दिवसांतच येऊ लागले. घरात दखनी-उर्दू आणि शाळेत राज्याची भाषा, ही आपल्या कितीतरी मुलामुलींची स्थिती आहे. कोकणात तर आपली घरची बोलीच मराठी आहे. जी गोष्ट आपण अडचण म्हणून सांगतो, तिचेच त्या मुलीने भांडवल केले. मुसलमान घरातल्या बायकांचे जगणे तिने अशा भाषेत लिहिले, की शेजारच्या कन्नड माणसाला ते प्रथमच आतून दिसले.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्त्रियांनाही मशिदीत नमाज पढण्याचा हक्क आहे, असे म्हटल्यामुळे २००० साली बानूंवर सामाजिक बहिष्कार घालण्यात आला. तो तीन महिने चालला. पंचवीस वर्षांनी त्याच बाईंचे नाव जगभर घेतले गेले, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने एकमेकांना बातम्या पाठविल्या. त्यांच्या मताशी कोणी सहमत असो वा नसो. पण पारितोषिक मिळाल्यावर ‘ही आमची’ म्हणावयाचे आणि लिहीत असताना तिच्याशी बोलणे बंद करावयाचे, हा न्याय नव्हे.

मी मराठी शिकवितो. ‘माझे घर’ हा निबंध दरवर्षी येतो. मुली गाइडमधले घर लिहितात. पुढे अंगण, अंगणात तुळस, बाजूला मोगरा. आमच्या चाळीत अंगणही नाही आणि मोगराही नाही. गाइड मिटून लिहा म्हटले, तेव्हा नववीतील एका मुलीने लिहिले, की शुक्रवारी दुपारी अब्बांचा सौदीहून व्हिडिओ कॉल येतो, त्याआधी अम्मी दुपट्टा बदलते आणि फोन अशा कोनात धरते की भिंतीची ओल दिसू नये. चार ओळी. पण त्या वाचून मला वाटले, की ही मुलगी पाहू शकते. पुढे पालकसभेत तिचे चाचा मला अदबीने म्हणाले, “सर, घरातल्या गोष्टी वहीत कशाला?”

हा प्रश्न अनेकांच्या मनात असेल, म्हणून येथे उत्तर देतो. घराची अब्रू मोलाची आहे, आणि शेजाऱ्याची उणीदुणी काढणे म्हणजे साहित्य नव्हे. पण त्या चार ओळींत घराची बदनामी कोठे आहे? त्यांत दूरच्या नवऱ्याला काळजी वाटू नये म्हणून झटणारी एक बाई आहे. तिची इज्जत त्या ओळींनी वाढली. आपल्या घरांविषयी वर्तमानपत्रे लिहितात, सिनेमावाले लिहितात, निवडणुकीत पुढारी बोलतात. आपल्या घरात राहणाऱ्या मुलीने तेवढे लिहू नये काय? तिने लिहिले नाही, तर आपले चित्र दुसरेच काढतील आणि मग ते चुकीचे आहे म्हणून आपण रागावत बसू.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच जाणिवेतून. आपले जगणे आपण आपल्या मराठीत सांगावे. त्या कामात आपल्या मुली मागे राहिल्या, तर अर्धे घर न सांगितलेलेच राहील.

म्हणून पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवू नका, आणि काही कारणाने थांबलेच तर तिचे वाचन तरी थांबवू नका. ग्रंथालयाची वर्गणी ईदच्या एका चपलेच्या जोडीहून कमी असते. दुसरी, परीक्षा संपली की मुलीच्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळून पाहा. शेवटच्या पानांवर काय लिहिले आहे ते तिला विचारून वाचा. तिसरी, घरकामातून दिवसाचा अर्धा तास तिचा म्हणून सोडा. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ साली म्हटले होते, की बाईला लिहावयाचे तर स्वतःची खोली आणि थोडे उत्पन्न हवे. आपल्या दोन खोल्यांच्या घरात तिसरी कोठून आणणार? पण अर्धा तास देता येईल. खोली नाही तर वेळ तरी तिचा असू द्या.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही एक सूचना करतो. मुलींनी लिहिलेल्या कथेसाठी आपण एक छोटे वार्षिक पारितोषिक सुरू करावे. रक्कम पाचशे रुपये असली तरी चालेल. परीक्षकांकडे कथा नावाविना जाव्यात, म्हणजे कोणाची मुलगी, हा प्रश्न उद्भवणार नाही. आणि निवडलेली कथा याच स्मरणिकेत मुलीच्या पूर्ण नावासह छापावी. ‘इयत्ता नववीची एक विद्यार्थिनी’ असे नको. काही घरांत लग्नपत्रिकेतही मुलीचे नाव न घालता ‘अमक्यांची दुख्तर’ एवढेच छापतात. निदान तिच्या कथेवर तरी तिचे नाव असू द्या.

मुलांनो, तुम्ही हसू नका. तुमच्यासाठीही काम आहे. बहिणीने लिहिलेले तुम्ही वाचावयाचे. विलायतेत सहा पुरुषांची यादी झाली, ती कोणी दुष्टपणे केली नसेल. लेखिकांची पुस्तके हाती घेण्याची सवयच कमी होती. ती सवय शाळेच्या वयात लागते.

आणि मुलींनो, तुम्हांला विलायतेचे पारितोषिक मिळेल, असे खोटे स्वप्न मी दाखवीत नाही. मराठीत लिहिलेल्या पुस्तकाला ते मिळतच नाही. पण आपल्या धर्मग्रंथाच्या पहिल्या आयतींत वाचण्याचा आदेश आहे आणि कलमाचा उल्लेख आहे. तो आदेश केवळ मुलांसाठी आहे, असे कोठेही म्हटलेले नाही. आज ज्यांना बक्षिसे मिळणार आहेत, त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळणार नाहीत, त्यांनी आज घरी गेल्यावर गाइड बाजूला ठेवून एक पान लिहावे आणि खाली आपले पूर्ण नाव घालावे.